गिरणगावची स्मृती आणि लोकांची कला

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले म्हणजे इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि आसपासचे लोक ते पाहण्यासाठी गर्दी करतात. धरणाखाली गेलेल्या गावांना निदान एवढा दिलासा आहे. एखाद्या दुष्काळी वर्षी का होईना, बुडालेल्या गावाचा कळस पुन्हा दिसतो. शहरात मात्र धरण न बांधताच वस्त्या बुडतात, आणि तेथे बुडालेले पुन्हा कधी वर येत नाही. जुन्या चाळीच्या जागी उंच इमारत उभी राहते, गिरणीच्या जागी बाजारसंकुल येते, नाक्याचे नाव बदलते, आणि पंचवीस-तीस वर्षांत तेथे पूर्वी कोण राहत होते हे सांगणारे माणूससुद्धा उरत नाही.

धरणग्रस्तांचे पुनर्वसन करताना आपण घरे मोजतो, झाडे मोजतो, विहिरी मोजतो. आपल्या तक्त्यांत या प्रत्येक गोष्टीसाठी रकाना असतो. पालखी ज्या वाटेने जात असे ती वाट, भजनाची पंगत ज्या ओट्यावर बसत असे तो ओटा, यांच्यासाठी मात्र रकाना नसतो. अशा रकान्यात न बसणाऱ्या ठेव्याविषयी मी आज बोलणार आहे. त्यासाठी उदाहरण घेतो ते मुंबईच्या गिरणगावाचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील एखादा आजोबा, काका किंवा मामा या गिरणगावात नांदून गेलेला आहे, म्हणून हे उदाहरण आपणांस परके वाटणार नाही.

वस्तीचे उच्चभ्रूकरण

एखाद्या श्रमिक वस्तीतील जमिनीचा भाव वाढू लागतो, तेथे श्रीमंतांची वर्दळ सुरू होते, आणि मूळच्या रहिवाशांना तेथील भाडे, देखभालीचा खर्च व रोजचा बाजार परवडेनासा होतो. कोणी हाकलून दिले नाही तरी ते हळूहळू बाहेर पडतात. या प्रक्रियेला अलीकडे वस्तीचे 'उच्चभ्रूकरण' असे म्हणतात. शब्द अवजड आहे, पण अनुभव नवा नाही. आज तो केवळ महानगरांपुरता राहिलेला नाही. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत २३ गावे एकदम समाविष्ट झाली. शहराच्या कडेला असलेल्या प्रत्येक गावठाणाच्या दारात हा प्रश्न येऊन उभा आहे.

यात सर्वच वाईट असते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दहा बाय सोळाच्या खोलीत तीन पिढ्यांनी संसार करावा आणि सकाळी सार्वजनिक नळावर व शौचालयापुढे रांग लावावी, यात गोडवे गाण्याजोगे काही नाही. मुंबई विकास विभागाने, म्हणजेच बी.डी.डी.ने, १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे २०७ चाळी उभारल्या. तेथील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या सदनिकांचा ताबा मिळाला. त्या कुटुंबांतील गृहिणीला स्वतःचे स्नानगृह मिळाल्याचा आनंद झाला असेल तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस नाही. तेव्हा प्रश्न 'जुने की नवे' असा नाही. नव्या घरात जाताना माणसाने आपल्याबरोबर काय न्यावे, आणि ते नेण्यासाठी समाजाने व शासनाने त्याला कोणती मदत करावी, असा तो आहे.

दोन गावांचा माणूस

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढील शंभर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, प्रभादेवी हा सारा टापू गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर अशा अनेक जिल्ह्यांतून माणसे येथे आली. एका गावचे लोक मिळून एक खोली भाड्याने घेत. पाळ्यांप्रमाणे कोणी दिवसा झोपे, कोणी रात्री. जेवण खाणावळीत. अशा खोल्यांतून गावोगावची ग्रामस्थ मंडळे निर्माण झाली. आजही आपल्या गावातील शाळेच्या एखाद्या खोलीवर किंवा देवळाच्या सभामंडपावर 'मुंबईकर मंडळाकडून' अशी पाटी सापडते. कामगाराच्या कष्टाचा पैसा गावी आला त्याची ती पाटी ही साक्ष होय.

तो पैसा गावी आला, तशी गावची कलाही मुंबईस गेली. कोकणी माणसाने नमन-खेळे, जाखडी व दशावतार नेला. देशावरच्या माणसाने तमाशा, पोवाडा, भारूड नेले. दोघांनीही भजन नेले. चाळीच्या चौकात आणि गच्चीवर या सर्व कला एकमेकींच्या शेजारी नांदू लागल्या. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची रंगभूमी आकारास आली. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह १९२२ च्या सुमाराचे. तिसऱ्या पाळीहून परतलेला कामगार चार तास झोपून तालमीला हजर राहत असे. या नाटकांना दिवाणखान्यातील सफाई नसेल, पण समोर बसलेला प्रेक्षक आणि रंगमंचावरील नट एकाच खात्यात काम करणारे असत. ज्याची गोष्ट तोच सांगणारा आणि तोच ऐकणारा, हे लोककलेचे लक्षण येथे शब्दशः खरे होते.

याच भूमीतून लोकशाहीर उभे राहिले. वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईस आलेले अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. तमाशाच्या जुन्या साच्यात त्यांनी गिरणी, चाळ, महागाई व संप हे विषय आणले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने मैदाने दणाणून सोडली. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले, आणि श्रमिकांच्या अशा वस्त्यांतून आंबेडकरी जलशांनी समतेचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत पोहोचवला. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेला एक अनाथ मुलगा पुढे कवी नारायण सुर्वे म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाला. त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह १९६२ मधील. चाळीतला माणूस मराठी कवितेत प्रथमच इतक्या ताठ मानेने आला.

उत्सव हीही नोंदवहीच

गिरणगावच्या स्मृतीचे सर्वांत मोठे भांडार कोणते, असे विचारल्यास मी सार्वजनिक गणेशोत्सवाकडे बोट दाखवीन. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेशगल्लीचे १९२८ चे. लालबागच्या राजाची कथा तर प्रत्यक्ष जागेच्या प्रश्नातूनच निघाली आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतील बाजार बंद झाला. तेथे बसणारे कोळी व किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये तेथे गणपती बसला. आज दर्शनासाठी तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्या लाखो भाविकांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, या उत्सवाच्या मुळाशी विस्थापित झालेल्या विक्रेत्यांची हक्काच्या ओट्याची मागणी आहे?

स्मृती कशी जपली जाते आणि कशी हरवते, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणात दिसतात. उत्सव टिकला म्हणून कथा टिकली. परंतु उत्सव जसजसा मोठा झाला तसतशी कथा मागे पडली. म्हणून नुसते उत्सव साजरे करून भागत नाही. ते का सुरू झाले हे दर पिढीला नव्याने सांगावे लागते.

मंडळांचे देखावे हीसुद्धा वस्तीने तयार केलेली कला होय. कागद, कापड, बांबू, रंग यांच्या साहाय्याने चाळीतील मुले रात्री जागून देखावा उभा करीत. त्यात पुराण असे, इतिहास असे, आणि त्या वर्षीची महागाईही असे. परळ-लालबागच्या कार्यशाळांत मूर्तिकारांच्या पिढ्या घडल्या. २०१७ मध्ये दिवंगत झालेले विजय खातू यांच्यासारख्या मूर्तिकाराचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते याच परंपरेमुळे. पण मोठ्या मूर्तीला मोठी जागा लागते, आणि जमिनीचा भाव वाढला की कारागिराच्या मांडवावर पहिली गदा येते, हे विसरून चालणार नाही.

संप, जमीन आणि विस्मरण

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. अनेक कामगार गावी परतले, अनेकांनी हातगाड्या धरल्या, स्त्रियांनी डबे व पोळ्या करून घर चालवले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि प्रश्न उरला तो त्यांच्या जमिनीचा. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यभागी होती.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, असे सूत्र ठरले होते. २००१ च्या दुरुस्तीनंतर ही वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ रिकाम्या जमिनीपुरती राहिली. साहजिकच सार्वजनिक वाटा फार आकुंचित झाला. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा निर्णय दुरुस्तीच्या विरोधात गेला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने व इतर संघटनांनी घरांचा प्रश्न लावून धरला, आणि म्हाडाच्या सोडतींतून काही कामगारांना घरे मिळाली. तथापि प्रतीक्षा करणाऱ्यांची संख्या त्याहून फार मोठी आहे.

हा तपशील मी मुद्दाम दिला. स्मृती ही हवेत राहत नाही, तिला जागा लागते. मैदान गेले की खेळ जातो, चौक गेला की भजन जाते, आणि परवडणारे सभागृह गेले की नाटक जाते. नियमावलीतील एका शब्दाच्या बदलाने किती मैदाने निर्माण होतील हे ठरते, आणि त्यावरच उद्याची मुले कोठे जमतील हेही ठरते. शंभर वर्षे पार केलेले दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा कोकणातील लोककलावंतांनी व नाट्यकर्मींनी जी अस्वस्थता व्यक्त केली ती केवळ एका इमारतीसाठी नव्हती. आपला प्रयोग आता कोठे व कोणत्या भाड्यात करायचा, हा तिच्यामागचा रोकडा प्रश्न होता.

जागेबरोबर नावेही जातात. लोअर परळच्या कडेला उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत 'अपर वरळी' असा पत्ता दिसू लागला. नावातला 'परळ' गेला की त्याबरोबर भोंगा, पाळी आणि चाळही जाते. एखाद्या आवारात जुने धुराडे शोभेसाठी ठेवलेले असते, पण त्याच्या पायथ्याशी येथे किती माणसे काम करीत होती, कोणत्या खात्यात करीत होती, हे सांगणारी पाटी नसते. ती नसेल तर ते धुराडे म्हणजे नुसता विटांचा खांब.

कलेने काय वाचवले

या विस्मरणाविरुद्ध कलेने जे काम केले ते लक्षणीय आहे. जयंत पवार यांच्या १९९७ च्या 'अधांतर' या नाटकाने संपानंतर कोसळलेल्या कामगार कुटुंबाची घालमेल रंगमंचावर आणली. पुढे २०१० मध्ये त्यावर आधारित 'लालबाग परळ' हा चित्रपट निघाला. त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहास २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी लोअर परळचे बदलते रूप कॅनव्हासवर टिपले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगार, स्त्रिया, कलावंत व कार्यकर्ते यांच्या तोंडून गिरणगावचा मौखिक इतिहास गोळा केला. २००४ मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला व पुढे मराठीतही आला. काळाचौकी येथे इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले.

ही सर्व कामे मोलाची आहेत. परंतु यांतील बहुतेक कामे नामवंतांची किंवा संस्थांची आहेत. सामुदायिक कला म्हणतात ती याहून थोडी निराळी असते. तेथे वस्तीतील माणूस केवळ विषय नसतो, तो कर्ता असतो. खाणावळ चालवणाऱ्या बाईने स्वतःच्या आवाजात सांगितलेली दिनचर्या, निवृत्त साचेवाल्याने काढून दाखवलेला आपल्या खात्याचा नकाशा, मंडळाने जुनी छायाचित्रे लावून केलेला देखावा, शाळेच्या भिंतीवर मुलांनी चितारलेली गल्ली, ही त्याची रूपे होत.

स्त्रियांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. गिरणगावच्या कथेत पुरुष संपकरी म्हणून दिसतो, शाहीर म्हणून दिसतो. त्याला दोन वेळ जेवू घालणारी बाई मात्र क्वचितच दिसते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा या अदृश्य श्रमाला प्रथम नाव मिळाले. स्मृतीची नोंद करताना आपण कोणाला विचारतो यावर काय उरते हे ठरते.

एक दूरचे उदाहरण

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मिशन नावाची वस्ती आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या कष्टकऱ्यांची ती वस्ती. तेथील बामी ॲली या अरुंद गल्लीत १९७२ पासून रहिवाशांनी भिंती, कुंपणे व वाहनघरांची दारे यांवर चित्रे काढण्यास प्रारंभ केला, आणि १९८४ मध्ये अनेक कलावंतांनी एकत्र येऊन साऱ्या गल्लीत भित्तिचित्रे रंगवली. आपण कोठून आलो, का आलो, येथे काय सोसले, हे त्या भिंती सांगतात. पुढे संगणक उद्योगामुळे शहरातील भाडी प्रचंड वाढली आणि कित्येक कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. २०१४ मध्ये नगर प्रशासनाने त्या भागाला सांस्कृतिक परिसर म्हणून अधिकृत मान्यता दिली.

या उदाहरणातून दोन धडे निघतात. पहिला असा की, प्रशासनाने वस्तीच्या कलेची दखल घेतली तर रहिवाशांना आपले म्हणणे मांडण्यासाठी एक पाय रोवण्याची जागा मिळते. दुसरा धडा अधिक कडू आहे. रंगलेल्या भिंती पाहण्यास पाहुणे येतात, पाहुण्यांमागे उपाहारगृहे येतात, आणि भाव आणखी चढतो. म्हणजे ज्या चित्राने वस्ती जपायची तेच चित्र वस्तीच्या जाहिरातीस उपयोगी पडते. भिंत रंगवली आणि भिंतीआडचे माणूस गेले, तर आपण काय मिळवले? म्हणून कला ही घराच्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही. तिने त्या हक्काच्या सोबतीने चालले पाहिजे.

आपण काय करू शकतो

आता आपल्या कामाविषयी बोलतो. १९८२ मध्ये जो कामगार पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. ज्यांनी त्याआधीचे गिरणगाव पाहिले ते तर ऐंशी-नव्वदीचे आहेत. यांतील पुष्कळ जण मुंबईत नाहीत, ते आपापल्या गावी आहेत. याचा अर्थ असा की, गिरणगावच्या स्मृतीचा मोठा भाग आज मुंबईत नसून आपल्या पंचायतींच्या हद्दीत, ओसरीवर बसलेला आहे. तो उचलण्यास आपल्या हाती फार वर्षे नाहीत.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना गावातील जुन्या कामगाराकडे पाठवावे. 'तुमचे आयुष्य सांगा' असे मोघम विचारू नये. पहिल्या दिवशी गिरणीत कोणी नेले, कोणत्या खात्यात काम होते, 'बदली' म्हणजे काय, धोटा कसा धावत असे, एका खोलीत किती जण होते, पगारातून गावी किती पाठवत, संप सुरू झाला त्या आठवड्यात घरी काय झाले, असे नेमके प्रश्न विचारावेत. साचेखाते, त्रासन, जॉबर, भोंगा हे शब्द मुलांनी लिहून घ्यावेत. एक शब्द हरवला की त्यामागचे एक काम हरवते. आज प्रत्येक घरी भ्रमणध्वनी आहे आणि त्यात आवाज मुद्रित करण्याची सोय आहे. फक्त सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि तो 'हे लिहू नका' म्हणाला तर ते लिहू नये.

पंचायत सदस्यांनी ग्रामस्थ मंडळाच्या जुन्या वह्या, पावतीपुस्तके, इतिवृत्ते व छायाचित्रे यांचा शोध घ्यावा. कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात व मूळ कागद मालकास परत द्यावेत. यात्रेच्या एका संध्याकाळी, करमणुकीच्या कार्यक्रमाबरोबरच, या नोंदींवर आधारलेले एखादे भारूड, पोवाडा किंवा छोटे नाटक गावातल्याच मंडळींनी करावे. त्यासाठी बाहेरून पथक आणण्याची गरज नाही. मात्र गावातील शाहिराला, ढोलकीवाल्याला त्याच्या कामाचे मानधन अवश्य द्यावे. कला सामुदायिक आहे म्हणून ती फुकट असली पाहिजे असे नाही.

नगरविकास, महसूल व गृहनिर्माण यांच्याशी संबंधित अधिकाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की, पुनर्विकासाचा प्रस्ताव पाहताना खोल्यांच्या संख्येबरोबर तेथील मंडळे, व्यायामशाळा, वाचनालये, तालमीच्या जागा व उत्सवाचे मैदान यांचीही यादी मागवावी. नव्या इमारतीत रहिवाशांना परवडेल असे एक सभागृह असावे. मूळ वाडीचे, गल्लीचे, नाक्याचे नाव कायम राहावे. पाडकामापूर्वी वास्तूची छायाचित्रे व रेखाटने व्हावीत आणि ती कामे शक्यतो तेथील तरुणांकडून करून घ्यावीत. मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ पासून आहे, पण ती मुख्यतः वास्तूंचा विचार करते. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा २००३ चा युनेस्कोचा करार भारताने २००५ मध्ये स्वीकारला. रूढी, कौशल्ये व प्रयोगकला यांनाही वारसा मानण्याची दृष्टी त्यामागे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. संमिश्र संस्कृती म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर जाखडी, जलसा, तमाशा आणि भजन एकाच चौकात पाहिलेल्या गिरणगावाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मित्रहो, विकास थांबवावा असे मी म्हणत नाही. जी पिढी दिवसाचे दहा-दहा तास यंत्रापुढे उभी राहिली तिच्या नातवंडांना उजेडाचे, वाऱ्याचे, स्वतःच्या नळाचे घर मिळालेच पाहिजे. पण त्या घरात राहणाऱ्या नातवाला आपल्या आजाने या जागेवर काय केले हे ठाऊक नसेल, तर तो स्वतःच्याच शहरात पाहुणा ठरेल. घर देणे हे शासनाचे काम आहे. त्या घरातील माणसाला त्याची गोष्ट परत देणे हे काम मात्र एकट्या शासनाचे नाही. ते शाळेचे आहे, पंचायतीचे आहे, मंडळाचे आहे, म्हणजेच आपणा सर्वांचे आहे. परतल्यावर आपल्या गावातील किमान एका जुन्या कामगाराच्या ओसरीवर आपण बसाल आणि त्याचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकाल, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.